हातातला लोटा

माणिकनं घरी सांगून ठेवलं होतं की ती अकोल्याला रुईच्या गाठी बांधायला जाते. पहिले आठ दिवस हे खरं होतं. त्यापुढचं सगळं खोटं.

तसं पाहिलं तर त्या सालात घर सोडून कामाला गेलेली ती काही एकटी नव्हती. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कपाशीला असा भाव आला होता की भली भली माणसं खुळावली. बाळापूरच्या अलीकडं नत्थुजी माळ्याचा मळा होता. बापजाद्यापासून तिथं वांगी, मेथी, मिरची आणि कडेनं झेंडू. नत्थुजीनं ते सगळे वाफे मोडले आणि विहिरीच्या काठापर्यंत कपाशी टोबली. मोट उभी राहिली, पाट कोरडे पडले. कपाशी वेचून झाली, गाड्या भरल्या, आणि फागणात मळ्यातल्या बायांना हाताला कामच उरलं नाही. ज्वारी मात्र महागली, कारण ती पेरायला त्या साली कोणाला सवड नव्हती.

घरात माणसं मोजकी. नत्थुजी, त्याची बायको दुर्गाबाई, आणि धाकट्या भावाची, पुंजारामची, बायको माणिक. पुंजाराम मागच्या वैशाखात हगवण-ओकारीच्या पटकीनं गेला. मागं एक पोरगी राहिली, जमुना, अकरा वर्षांची.

नत्थुजी माणिकचा भासरा. नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन तेरा वर्षं झाली, पण तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि त्यानं तिचं. तो अंगणात आला की ती मागच्या दारानं जायची. त्याच्या सावलीवरसुद्धा पाय पडू द्यायचा नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला नाहीतर खांबाला सांगायचं, म्हणजे तो ऐकायचा. पदराखालून तिला दिसायचे ते त्याचे पाय. उजव्या पायाचा अंगठा कुऱ्हाडीनं अर्धा गेलेला. त्या अंगठ्यापुढं तेरा वर्षं तिनं भाकर वाढली होती.

पुंजारामला पटकी लागली तेव्हा नत्थुजी दारात बसला होता. पटकीत पाणी दिलं की रोगाला जोर येतो, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं, आणि त्यानं दुर्गाबाईकडून तसं बजावलं. पुंजाराम पाणी मागत राहिला. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसते ओठ हालत राहिले. माणिक लोटा घेऊन उभी होती. तिनं दिलं नाही. दिवस बुडता बुडता तो गेला, आणि बाया तिला म्हणाल्या, बाई, तू होईल तेवढं केलं. ते ऐकून तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अकोल्याला जा, असं दुर्गाबाईनंच सुचवलं. जमुनाला मी पाहतो, म्हणाली. बाई वाईट नव्हती. जमुनाची सोयरीकही बाळापुरात ठरत आली होती. पोराचा बाप खुशालराव मोठा तोऱ्याचा माणूस. पोरीची माय एकटी अकोल्यात काय करते, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं होतं. गाठी बांधते म्हटल्यावर त्यानं मान हलवली. गाठी बांधणं चालण्यासारखं होतं.

आणि आठव्या दिवशी मोर्णा नदीच्या काठी, जिथं कपाशीच्या गाड्या उतरत, तिथं पटकी लागली.

एका दिवसात गाडीतळ निम्मा मोकळा झाला. व्यापाऱ्यानं वखारीला कुलूप घातलं. तिच्याबरोबरच्या परगावच्या बाया गाठोडी बांधून निघाल्या, त्यांच्यामागं तीही निघाली. नदीच्या उतारावर एक लांबलचक छपरी घालणं चालू होतं. तुराट्यांच्या ताट्या, वर कपाशीच्या पऱ्हाट्या, खाली वाळू. तिच्यापुढं एक बुटका माणूस गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट घालून उन्हात उभा होता. तो सरकारी दवाखान्याचा डागदर, भगवंतराव, पुण्याकडचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना तो हात जोडून सांगत होता की आजारी बायाबापड्यांची उस्तवार करायला माणूस हवंय, मजुरी मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. बाया नाकाला पदर लावून पुढं जात होत्या.

छपरीच्या तोंडाशी एक म्हातारी पडली होती. डोळे खोल गेलेले, हाताची बोटं सुरकुतलेली. तिचे ओठ हालत होते. आवाज नव्हता, पण ती काय मागते आहे हे माणिकला आवाजाची गरज न पडता कळलं. हे ओठ तिनं पाहिले होते.

ती थांबली. पुढच्या बाया हाका मारत होत्या. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

असलं काम आधी केलं आहेस का, असं डागदरनं विचारलं. तिनं नाही म्हटलं. घाण असते, तो म्हणाला, हागणं-ओकणं सगळं काढावं लागतं. तर ती म्हणाली की ती मळ्यातली आहे, शेणखत हातानं कालवते. डागदरला हसू आलं, पण तिनं मान वर केली नव्हती.

"इथं यायले पानी द्याचं का नाई?" तिनं विचारलं.

"द्यायचं तर. घोटघोट, पण देत राहायचं. पाण्याशिवाय माणूस सुकून मरतो."

तो अगदी सहज बोलला. पाणी द्यायचं होतं. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती कोणी तरी कोट घातलेल्या माणसानं उन्हात उभं राहून एका वाक्यात सांगून टाकली होती.

"मंग राहतो मी," ती म्हणाली.

पहिले चार दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. शेणखत वेगळं आणि माणसाचं वेगळं. भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी माणसाच्या अंगातून वाहत जायचं, वाळू कालवून ते उचलायचं, लांब खड्ड्यात टाकायचं, वर चुना. परक्या पुरुषाचं धोतर फेडायचं, त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं. तोही लाजायचा, तीही लाजायची, आणि दोघंही इकडंतिकडं पाहायची. बाभळीखाली जाऊन ती ओकायची आणि तोंड धुऊन परत यायची. सांजच्याला हात राखेनं घासले तरी भाकरीचा घास तोंडाशी नेताना वास यायचा. गावचा गाडीवान पंजाबराव दर आठ-दहा दिवसांनी कपाशी घेऊन येई. त्याला तिनं गाडीतळावर गाठून निरोप दिला की गाठीचं काम वाढलंय, चैत्रात येणं होत नाही. पंजाबरावनं तिच्या फाटलेल्या, चुन्यानं पांढऱ्या पडलेल्या हातांकडं पाहिलं आणि गाठीचं काम फारच बेकार दिसते, असं म्हणाला. ती हो म्हणाली.

चैत्रात छपरीत चाळीस माणसं झाली. करणाऱ्या बाया चार. त्यातली शकुन महारवाड्यातली. आगगाडीच्या सडकेवर माती टाकायचं काम सोडून ती इथं आली होती. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि हात इतका हलका की तिनं उचललेलं माणूस कण्हत नसे. बाकी दोघी तेलंगी मजूरणी, सख्ख्या बहिणी. चौघी दिवसभर पळत होत्या आणि तरी माणसं मरत होती. जो ओरडे त्याच्याकडं लोटा पळे. जो गप पडला तो तसाच सुके, आणि घटकाभरानं पाहावं तर संपलेला.

एके सकाळी माणिक छपरीच्या एका टोकाला उभी राहून हे बघत राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं की हे असं काही तिनं पाहिलं आहे. मळ्यात नवखा माणूस पाण्याची दारं धरायला, वाफ्यांत पाणी वळवायला उभा केला की असंच होतं. पाटाजवळचे वाफे तुडुंब भरतात, शेवटचे वाफे करपतात. पाणी कमी नसतं. पाळी नसते.

तिला काय करायचं ते कळलं, पण सांगायचं कसं? जन्मात तिनं कोणाला काम सांगितलं नव्हतं. तिला सगळेच सांगत आले. शेवटी ती छपरीच्या मधल्या खांबाकडं तोंड करून उभी राहिली आणि पदर ओढून खांबाला सांगू लागली की आजपासून दहा माणसांचा एक वाफा. ज्या बाईचा वाफा तिनं त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, मागो न मागो, प्रत्येकाच्या तोंडात पाणी घालायचं, आणि परत पहिल्यापासून. कोणी ओरडला म्हणून पाळी मोडायची नाही. ओकारी येत असेल त्याला लोट्यानं नाही, भिजल्या फडक्यानं. रोपाला मोटेचं पाणी सोडत नसतात.

तेलंगी बहिणींना अर्धं समजलं, आणि त्या खुदकन हसल्या. शकुन हसली नाही.

"आक्का, आमी खांब नोहो," ती म्हणाली. "आमच्याकडं पाहून सांग."

माणिकचे कान तापले. तिनं पदर मागं सारला आणि तिघींकडं पाहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्या दिवशी अकरा मेले. आठवड्यानं दिवसाला चार मरू लागले. डागदरनं आधी वाफे म्हटल्यावर भुवया उडवल्या होत्या, आता तोही वाफे म्हणू लागला. नवीन बाया आल्या की तो त्यांना माणिककडं धाडी. ज्वारीच्या कण्यांचं पातळ पाणी मिठाची कणी टाकून कसं द्यायचं, दातखीळ बसली असेल तर गालाच्या आतून फडकं कसं पिळायचं, हे ती दाखवी. कोणाचीही जात विचारायची नाही, असंही ती सांगे. फक्त एखादा शकुनच्या हातचं घेईना, तर शकुन तिला हाक मारी आणि माणिक जाऊन पाजी. माळ्याच्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं. शकुन तेवढा वेळ बाजूला उभी राही. माणिकला ते दिसे, आणि ती दिसलं नाही असं करी.

वैशाख लागता लागता भगवंतरावांनी तिला बोलावून सांगितलं की ही साथ सरली की छपरी मोडेल, पण अमरावतीच्या दवाखान्यात बायांच्या खोलीवर एक कायमची बाई नेमायची आहे, हाताखाली तिघी राहतील. साहेबाला मी तुझं नाव लिहिणार आहे, असं ते म्हणाले. माणिकनं हात जोडून नको म्हटलं. का, तर घरी ठाऊक नाही. पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या.

"चांगल्या कामाची लाज कसली?" डागदर म्हणाले.

त्यांना काय सांगायचं? त्यांची पोरगी खुशालरावाच्या घरात द्यायची नव्हती.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, भर दुपारी, पंजाबरावची गाडी छपरीपुढं येऊन थांबली. माणिक रांजणापाशी होती. गाडीतून दोघांनी वाटेत पटकी लागलेला एक माणूस घोंगडीसकट उतरवला आणि शकुनच्या वाफ्यात टाकला. पंजाबराव लगेच बैलांकडं वळला, त्यालाही तिथं जास्त थांबायचं नव्हतं. माणिक लोटा भरून नेहमीसारखी आली. घोंगडीतून पाय बाहेर आले होते. उजव्या पायाचा अंगठा अर्धा गेलेला होता.

तिनं पदर छातीपर्यंत ओढला आणि ती ताटीमागं गेली. विचार करून नाही. तेरा वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप वळले.

ताटीच्या फटीतून तिला दिसत होतं. नत्थुजी पाणी मागत होता. शकुन गेली. तिनं त्याचं डोकं उचललं, लोटा ओठाला लावला. त्या माणसानं जीव जात असतानाही विचारलं, कोनाच्या हातचं. शकुन खोटं बोलत नसे. तिनं सांगितलं. नत्थुजीनं तोंड ताटीकडं फिरवलं.

शकुननं हाक मारली, आक्का. माणिक गेली नाही. शकुन पुढच्या माणसाकडं गेली, तिथून पुढच्याकडं, अशी सगळा वाफा फिरून परत आली. पुन्हा हाक मारली. माणिक ताटीला टेकून उभीच.

भासऱ्याला हात लावायचा नाही, ही एक गोष्ट. त्यानं ओळखलं तर गावात कळेल, जमुनाची सोयरीक मोडेल, ही दुसरी. या दोन गोष्टी तिनं मनाशी चारदा म्हटल्या. पण त्यांच्याखाली आणखी दोन होत्या आणि त्यांना ती तोंड देत नव्हती. एक अशी की दारात बसून यानं पाणी बंद केलं होतं, आता कळू दे यालाही तहान म्हणजे काय. आणि दुसरी याहून घाण. हा इथं मेला तर कोणालाच काही कळायचं नाही. तिला स्वतःचीच शिसारी आली. चाळीस माणसांचं हागणंओकणं काढताना आली नव्हती अशी.

शकुन ताटीमागं आली. काय झालं, कोण आहे तो, असं तिनं विचारलं. माणिकनं सांगितलं, भासरा. शकुननं कपाळावरचा घाम पुसला.

"तुले त्याची लाज वाटते," ती म्हणाली. "मले इथं रोज वाटते. मानूस मरता मरता माही जात इचारते अन् तोंड फिरवते. तुले हाक मारून मी बाजूले उभी राहतो, तवा मले काय वाटत असीन? तरी मी पाळी मोडत नाई. पाळी तूच लावली हाये, आक्का."

एवढं बोलून ती गेली. तिचा वाफा थांबला होता.

माणिक बाहेर आली. पदर तोंडावर तसाच ठेवून ती नत्थुजीपाशी बसली आणि चाचपडत फडकं त्याच्या ओठाशी नेलं. पाणी त्याच्या कानात गेलं. पदर तोंडावर ओढून हे काम होत नाही, हे ती स्वतः प्रत्येक नव्या बाईला सांगत आली होती. तिनं पदर खांद्यावरून मागं घेतला, कमरेला खोचला, आणि भासऱ्याचं तोंड पाहिलं. पुंजारामचंच तोंड होतं. तेच नाक, तीच हनुवटी. तिला एकदम रडूच कोसळलं. रडत रडतच तिनं त्याच्या गालात पाणी पिळलं, धोतर फेडलं, पुसलं, कुशीवर केलं, नवी वाळू पसरली. तो आता कोणाच्या हातचं हे विचारत नव्हता.

दोन दिवस ती बाकीचे वाफे सांभाळून त्याच्याकडं येत राहिली. पायाला गोळे येत तेव्हा तिनं त्याच्या पोटऱ्या चोळल्या. त्या अर्ध्या अंगठ्यालाही हात लावला. तिसऱ्या सकाळी त्याला लघवी झाली. डागदर म्हणाले, हा वाचला.

दुपारी ती कण्यांचं पाणी घेऊन आली तर तो डोळे उघडून पडला होता. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, पण ते तोंड त्याच्या ओळखीचं नव्हतंच. तिनं कटोरा पुढं केला. त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. तिथं गोंदलेलं तुळशीचं झाड होतं, आणि त्याला आडवा तव्याचा डाग. तेरा वर्षं रोज दोन वेळा हाच हात त्याच्या ताटात भाकर टाकत आला होता.

नत्थुजीनं घोंगडी वर ओढून तोंड झाकून घेतलं. डोक्यावरून, पार. माणिक कटोरा घेऊन तशीच उभी. तिला वाटलं होतं की लाज फक्त बाईलाच अशी झाकून घेते.

मग त्यानं तोंड झाकूनच घ्यायचं आणि तिनं कटोरा उशाशी ठेवून जायचं, असं दोन दिवस चाललं. पंजाबराव गाडी घेऊन न्यायला आला त्या सकाळी नत्थुजी काठी टेकत उठला, खांबापाशी गेला आणि खांबाकडं तोंड करून उभा राहिला. माणिक दोन हात अंतरावर रांजण धूत होती. पंजाबराव बैल जुंपत होता.

गावात बोलणार नाही, पंजाबरावही बोलणार नाही, असं त्यानं खांबाला सांगितलं. गाठीच्या कामाला आहे, मी डोळ्यांनी पाहिलं, असं सांगीन. जमुनाच्या सोयरीकीला धक्का लागू देणार नाही. एवढं सांगून झालं तरी तो हलेना.

"पुंज्याले पानी देल्लं असतं," तो म्हणाला, "तं वाचला असता का?"

माणिक रांजण धुवायची थांबली. तेरा वर्षांत ती त्याच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

"मले नाई मालूम," ती म्हणाली. "इथं पानी पिऊनबी लय मेले. पन ताहानेनं नसता मेला."

नत्थुजीनं कपाळ खांबाला टेकवलं. तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती ओठावर आली आणि तिनं गिळली. सगळा भार त्याच्याच डोक्यावर राहू दिला, आणि तसंच त्याला गाडीत बसू दिलं. गाडी उतार चढून गेली. त्या दिवशी तिला शकुनच्या डोळ्याला डोळा देववेना.

जेठ लागला. साथ उतरत चालली होती. छपरीत बारा-तेरा माणसं उरली होती. एका सकाळी पंजाबरावची गाडी पुन्हा छपरीपुढं थांबली. आत दुर्गाबाई होती, डोळे खोल गेलेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन जमुना बसली होती. पोरीच्या एका हातात लोटा, दुसऱ्यात फडकं. गाडी थांबली तरी तिनं वर पाहिलं नाही. फडकं भिजवून ती दुर्गाबाईच्या गालाच्या आतून पिळत होती, हळूहळू.

पंजाबरावनं खाली उतरून सांगितलं ते माणिकनं गाडीचं चाक धरून ऐकलं. गावात पटकी लागली. लोक पाणी बंद करू लागले तसा नत्थुजी चावडीवर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांसमक्ष बोलला की पाणी द्या, आमची सून अकोल्याला पटकीच्या माणसांची उस्तवार करते, तिच्या हातचं पाणी पिऊन मी वाचलो. हागणंसुद्धा तिनं काढलं, हेही सांगितलं. खुशालरावानं त्याच दिवशी सोयरीक मोडली. नत्थुजीला स्वतःला अजून गाडीत बसवत नाही, म्हणून पोरीला पाठवलं.

दुर्गाबाईला आत नेलं, माणिकच्या वाफ्यात निजवलं. माणिक गुडघ्यावर बसली. जमुना समोर. पोरगी वाळली होती, केस सुटले होते, पण लोटा सांडू देत नव्हती.

"हे कोनं शिकवलं तुले?" माणिकनं विचारलं.

मोठ्या बाबानं, जमुना म्हणाली. तुह्या मायनं मले असंच पाजलं, असं म्हणे. मग तिनं फडकं लोट्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"माय, मोठे बाबा रोज रडते. म्हनते, माह्या बाबाले त्यायनंच मारलं. दारात बसून तुले पानी देऊ देल्लं नाई. खरं हाये का?"

हो म्हटलं असतं तर झालं होतं. नत्थुजीनं स्वतःच तोंडानं कबूल केलं होतं, सगळं गाव ते मानत होतं, आणि सोयरीक मोडून त्याची किंमतही चुकती झाली होती. शकुन पलीकडच्या माणसाला पाजत होती, तिनं मान वळवली नाही, पण तिचा हात थांबला.

"थे सकाळी बसले होते," माणिक म्हणाली. "दुपारी थे भगताले आनाले गेले. दिवस बुडेपर्यंत घरात कोनीच नोतं. तुही मोठी माय तुले घेऊन बाहेर होती. मी एकटीच होतो. मले आडवाले कोनी नोतं, जमुने. लोटा माह्याच हातात होता."

जमुनानं वर पाहिलं. तिचे डोळे पुंजारामचे होते.

दुर्गाबाई कण्हली. माणिकनं लोटा घ्यायला हात पुढं केला. जमुनानं लोटा आपल्या बाजूला ओढला.

"मी पाजतो," ती म्हणाली.

आणि मायकडं न पाहता तिनं फडकं पिळलं. बरोबर पिळलं, गालाच्या आतून, दातांना न लागू देता. माणिकचा हात तसाच पुढं राहिला. थोड्या वेळानं तिनं तो मागं घेतला. वाफ्यातला पुढचा माणूस गप पडला होता, त्याची पाळी आली होती. ती उठली, रांजणापाशी गेली आणि दुसरा लोटा भरून घेतला.